अधिकारी कोण?

आपल्याकडील जुन्या शास्त्रग्रंथांची एक शिस्त होती. मुख्य विवेचनास हात घालण्यापूर्वीं ग्रंथकार चार गोष्टी स्पष्ट करी: ग्रंथाचा विषय कोणता, त्याचें प्रयोजन काय, ग्रंथाचा व विषयाचा संबंध कसा, आणि या ग्रंथाचा अधिकारी कोण. वेदान्तांत या शेवटच्या प्रश्नास फार महत्त्व असे. विवेक, वैराग्य, शमदमादि सहा गुण आणि मुमुक्षुत्व हीं ज्याच्या अंगीं नाहींत तो कितीही बुद्धिमान् असला तरी अधिकारी नव्हे, असा तेथील निवाडा आहे. अर्थात् त्या काळीं 'अधिकार' म्हणजे पात्रता व 'अधिकारी' म्हणजे पात्र मनुष्य. आज आपण तेच शब्द वापरतों, पण अर्थ निराळा करतों. अधिकार म्हणजे हुकूम सोडण्याची शक्ति, आणि अधिकारी म्हणजे ज्याच्या सहीवांचून कागद पुढें सरकत नाहीं तो. शब्दांचे अर्थ बदलतात, त्याबद्दल शोक करीत बसण्याचें कारण नाहीं. परंतु या शब्दाच्या प्रवासांत त्याचा पहिला अर्थ वाटेंत गळून पडला, आणि त्यामुळें कोणाचें काय नुकसान झालें, हें पाहण्यासारखें आहे. एखाद्या कामांत निष्णात असलेल्या मनुष्यास त्या कामांतून उचलून माणसांवर नेमावयाचें, तर नेमण्यापूर्वीं त्याची तयारी करून घेणें हें नेमणार्‍याचें नैतिक कर्तव्य आहे कीं केवळ सोयीची बाब आहे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे मी केवळ पुस्तकांच्या वाटेनें आलेलों नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं, वर्गांत बावीस वर्षें शिकविल्यानंतर, मी ज्या महाविद्यालयांत होतों तेथें मला उपप्राचार्य नेमण्यांत आलें. नेमणुकीचें पत्र शनिवारीं हातांत पडलें आणि सोमवारीं मी नव्या खुर्चीवर बसलों. मधल्या रविवारीं अभिनंदनें झालीं, पेढे वाटले गेले. पण त्या खुर्चीवर बसून काय करावयाचें असतें हें मला कोणीं सांगितलें नाहीं आणि मींही कोणास विचारलें नाहीं. तीन आठवड्यांनीं, परीक्षेच्या ऐन धामधुमींत, ग्रंथालयांतील एक परिचर माझ्याकडे रजेचा अर्ज घेऊन आला. त्याची मुलगी इस्पितळांत होती. परीक्षेच्या दिवसांत वाचनकक्ष रात्रीं उशिरापर्यंत उघडा ठेवावा लागतो, सबब रजा मिळणार नाहीं, असें मीं त्याला सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. दुसर्‍या दिवसापासून कामावर आला नाहीं. मीं हजेरीपत्रकावर 'विनापरवानगी गैरहजर' असा शेरा मारला आणि त्याचा आठ दिवसांचा पगार कापला गेला. पुढें हेडक्लार्कनें अदबीनें माझ्या नजरेस आणून दिलें कीं, त्या मनुष्याच्या खात्यावर पुष्कळ रजा शिल्लक होती. ती मंजूर करणें सर्वस्वीं माझ्या हातांत होतें. आणि अशा वेळीं कार्यालयांतील दुसरा माणूस तात्पुरता ग्रंथालयांत पाठविण्याची जुनी वहिवाटही होती. यांतलें मला एकही ठाऊक नव्हतें. शेरा खोडला गेला, पगार परत मिळाला, मुलगीही सुदैवानें बरी झाली. परंतु जो गृहस्थ बावीस वर्षें मला हवें तें पुस्तक मागण्यापूर्वींच टेबलावर आणून ठेवीत असे, तो त्यानंतर कामाशिवाय माझ्या दाराशीं कधीं उभा राहिला नाहीं.

दोष माझा होता, हें प्रथमच कबूल करतों. तथापि या प्रसंगाचा मीं पुढें शांतपणें विचार केला तेव्हां एक गोष्ट मला चमत्कारिक वाटली. माझा स्वभाव कठोर नाहीं. मी विद्यार्थ्यांना नको तितक्या सवलती देतों म्हणून सहकारी मला हंसत असत. मग तो कठोरपणा आला कोठून? विचारांतीं ध्यानांत आलें कीं तो माझा नव्हताच. मी विद्यार्थी असतांना ज्यांच्या दारावरून जातां जातां आमचे पाय लटपटत, त्या प्राचार्यांचा तो होता. अधिकार कसा दिसतो याचें माझ्यापाशीं तेवढें एकच चित्र होतें, आणि खुर्ची मिळतांच मीं तें आपल्या अंगावर चढविलें. ज्याला अधिकार चालविण्याचें शिक्षण मिळत नाहीं तो अधिकाराची रीत उसनी घेतो. आणि ती बहुधा ज्याच्याखालीं त्यानें स्वतः सोसलेलें असतें त्याच्याकडूनच घेतो.

आपल्या घरांतून हा प्रकार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' असें आपण म्हणतों. सून ज्या दिवशीं सासू होते त्या दिवशीं तिला एका अर्थीं बढतीच मिळते. जिनें पंधरा वर्षें बोलणीं खाल्लीं ती तरी आपल्या सुनेला मायेनें वागवील, ही आपली अपेक्षा. अनुभव पुष्कळदां उलट येतो. ती बाई दुष्ट असते असें नव्हे. घर चालविणें म्हणजे दुसरीला उठतां बसतां टोकणें, एवढाच पाठ तिला मिळालेला असतो. नुसतें सोसणें हें शिक्षण नव्हे. सोसलेल्याचा अर्थ कोणीं तरी उलगडून दाखवावा लागतो, किंवा स्वतः बसून उलगडावा लागतो. तेव्हां कोठें त्याचें शिक्षण होतें.

घरांतील हाच न्याय कारखान्यांत केवढ्या प्रमाणावर चालला याचें उदाहरण मुंबईच्या कापडगिरण्यांच्या इतिहासांत आहे. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं पहिल्या गिरणीची कंपनी काढली, आणि पुढील पन्नास वर्षांत कोंकणांतून व देशावरून हजारों माणसें गिरणगांवांत येऊन राहिलीं. या माणसांना कामावर आणणें, घेणें, काढणें व वठणीवर ठेवणें हें काम मालकांनीं जॉबरवर सोपविलें. बायकांच्या खात्यांत तीच जागा नायकिणीची असे. जॉबर हा बहुधा कामगारांतूनच वर चढलेला. साच्यावर त्याचा हात चांगला, म्हणून त्याला साच्यावर काम करणार्‍या माणसांचा धनी करण्यांत आलें. पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. नोकरी लावण्याबद्दल दस्तुरी, नोकरी टिकविण्याबद्दल दस्तुरी, अडीअडचणीला जॉबरकडूनच कर्ज, आणि त्याची मर्जी गेली तर घरचा रस्ता. १९२९ सालीं व्हिट्ले यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशननें १९३१ च्या आपल्या अहवालांत, माणसें घेण्याचा व काढण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा व त्यासाठीं निराळे लेबर ऑफिसर नेमावे, अशी शिफारस केली.

जॉबर लोभी होता असें म्हणून हात झटकणें सोपें आहे. परंतु त्याची निवड झाली ती यंत्राच्या ज्ञानावर, आणि त्याला सत्ता मिळाली ती माणसांवर. या दोहोंमधील अंतर त्यानें कसें तोडावें हें त्याला कोणीं सांगितलें होतें? गिरणींत येण्यापूर्वीं त्यानें गांवीं खोताची, पाटलाची व सावकाराची सत्ता पाहिली होती. गिरणीच्या आंत त्यानें तीच आणली, असें मला वाटतें. ज्यांनीं त्याला नेमलें त्यांना कापड वेळेवर निघाल्याशीं काम होतें. त्यांनीं पुढचें पाहिलें नाहीं. जॉबरच्या अपराधांत त्यांचा वांटा आहे, आणि तो लहान नाहीं.

हें सर्व जुनें झालें असें कोणीं समजूं नये. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यांत संगणकाच्या एका कंपनींत आहे. प्रोग्रॅम उत्तम लिहितो म्हणून वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं त्याला अकरा माणसांचा प्रमुख करण्यांत आलें. वर्षभरानें तो मला भेटला तेव्हां निम्मा झाला होता. तो म्हणाला, "सर, पूर्वीं आज काय केलं तें संध्याकाळीं मला सांगतां येत असे. आतां दिवसभर नुसता बोलतों, आणि काय केलं तें कळतच नाहीं." पुढें समजलें कीं हाताखालच्या मुलांनीं लिहिलेलें काम मनास न आल्यामुळें तो रात्रीं जागून तें स्वतःच पुन्हां लिहीत असे. सकाळीं त्या मुलांना आपलें काम नाहींसें झालेलें दिसे. त्यानें कोणावर आवाज चढविला नाहीं, कोणाची रजा नाकारली नाहीं. तरी दोन मुलें नोकरी सोडून गेलीं. जॉबरनें माणसांकडून पैसे घेतले. यानें, नकळत, त्यांच्या कामांतील अभिमान घेतला. आणि स्वतःचा आनंद तर त्यानें आधींच घालविला होता.

१९६९ सालीं लॉरेन्स पीटर व रेमंड हल यांनीं या विषयावर एक विनोदी पुस्तक लिहिलें आणि त्यांतील सिद्धान्त जगभर पीटर यांच्या नांवानें प्रसिद्ध झाला. पायर्‍यापायर्‍यांच्या संस्थेंत प्रत्येक मनुष्य आपल्या नालायकीची पायरी येईपर्यंत वर चढत जातो आणि मग तेथेंच राहतो, असें त्याचें सार. त्यांत सत्य आहे, म्हणूनच आपण हंसतों. पण या हंसण्यांत एक धोका आहे. नालायकी ही जणूं त्या पायरीवर आधींच मांडून ठेवलेली असते आणि मनुष्य तिच्यापर्यंत जाऊन पोहोंचतो, अशी आपली समजूत होते. वस्तुतः पुष्कळ वेळां ती तेथें नसते. आपण ती निर्माण करतों. नवें काम न शिकवितां मनुष्यास नव्या कामावर बसवावयाचें आणि मग तें त्याला येत नाहीं म्हणून त्याला नालायक ठरवावयाचें, याला निसर्गनियम म्हणण्यापेक्षां अन्याय म्हणणें अधिक यथार्थ होईल.

या अन्यायाचें स्वरूप नीट पाहिलें पाहिजे. बढतीच्या व्यवहारांत आपण दोनच पक्ष मोजतों: बढती देणारा आणि घेणारा. एकानें गुणांची कदर केली, दुसर्‍यास मान व पगार मिळाला, व्यवहार पुरा झाला. परंतु तेथें एक तिसरा पक्ष असतो, आणि त्याला कोणीं विचारलेलें नसतें. ज्याच्यावर नवा अधिकारी नेमला जातो तो हा तिसरा. त्याची रजा, त्याचा पगार, त्याच्याविषयींचा गुप्त अहवाल, घरीं जातांना त्याचें मन प्रसन्न असेल कीं खिन्न, हें सर्व उद्यांपासून या नव्या मनुष्याच्या हातीं जाणार असतें. बढती हें जुन्या कामाचें बक्षीस मानलें कीं त्या बक्षिसाची किंमत हा तिसरा मनुष्य भरतो. तयारीचा खर्च संस्थेनें वांचविला, तर तो खर्च नाहींसा होत नाहीं. तो त्याच्या माथीं पडतो. म्हणूनच ही बाब केवळ कार्यक्षमतेची राहत नाहीं, नीतीची होते.

येथें दोन आक्षेप येण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप अनुभवी लोकांचा आहे. ते म्हणतात, पाण्यांत पडल्याशिवाय पोहतां येत नाहीं. हें खरें आहे. पुस्तक वाचून कोणी पोहणारा झाला नाहीं. परंतु आपल्या गांवांतून पोरांना पोहावयास कसें शिकवीत हें आठवावें. पाठीला सुका भोपळा बांधीत, आणि विहिरींत आधींच एक जाणता मनुष्य उतरलेला असे. पाण्यांत पडणें आवश्यक होतें, पण कोणी नसतांना ढकलून देणें आवश्यक नव्हतें. शिवाय या दृष्टांतांत एक उणीव आहे. नवशिका पोहणारा बुडाला तर तो एकटा बुडतो. नवशिका अधिकारी ज्यांना धरून बुडतो ते विहिरीकडे आपण होऊन आलेलेही नसतात.

दुसरा आक्षेप असा कीं माणसें हाताळण्याचा गुण उपजतच असावा लागतो. कांहीं अंशीं तो उपजत असतो यांत संशय नाहीं. पण गळा उपजत असला म्हणून गवयानें रियाज सोडावा असें कोणी म्हणत नाहीं. प्लेटोनें आपल्या आदर्श राज्यांतील राज्यकर्ते उपजत गुणांवरूनच निवडले. तरी निवड झाल्यावर त्यानें त्यांना वर्षानुवर्षें गणित व तत्त्वचिंतन शिकविलें, पुढें पंधरा वर्षें कनिष्ठ अधिकाराच्या जागांवर घांसलें, आणि पन्नाशी आल्यावर राज्य त्यांच्या हातीं दिलें. मलाही अधिकार मिळाला तो पन्नाशीच्या सुमारास. मधली तयारी तेवढी राहिली होती. कौटिल्यानेंही राजपुत्राच्या शिक्षणांत व्यापारउदीम खात्याच्या अध्यक्षांकडून व दंडनीति ती जाणणार्‍या आणि प्रत्यक्ष चालविणार्‍या अशा दोघांकडून शिकावी, असें सांगितलें आहे. ज्यांना जन्मानेंच सत्ता मिळावयाची त्यांच्याबद्दलही आपल्या पूर्वजांनीं इतकी सावधगिरी बाळगली होती.

आणि हें केवळ ग्रंथांत राहिलेलें नाहीं. १८७५ सालीं बडोद्याच्या गादीसाठीं नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवचा एक बारा वर्षांचा शेतकर्‍याचा मुलगा दत्तक घेतला गेला. लिहिणें वाचणें त्याला तेथें गेल्यावर शिकवावें लागलें. गादी लगेच मिळाली, पण सत्ता मिळावयास सहा वर्षें लागली. त्या काळांत एलियट यांच्याकडे त्याचा अभ्यास झाला, आणि शेवटीं दिवाण सर टी. माधवराव यांनीं राज्यकारभारावर त्याला व्याख्यानें दिलीं. राज्य प्रजेच्या सुखासाठीं आहे, हा त्यांचा मुख्य सूर. तीं पुढें 'मायनर हिंट्स' या नांवानें छापलीं गेलीं. १८८१ च्या डिसेंबरांत सयाजीरावांनीं राज्याचीं पूर्ण सूत्रें हातीं घेतलीं, आणि १९०६ सालीं संस्थानभर सक्तीचें प्राथमिक शिक्षण सुरू केलें. त्यांचें सर्व कर्तृत्व त्या व्याख्यानांतून निघालें असें मी म्हणत नाहीं. मात्र दत्तक घेतलेल्या दिवशींच तो मुलगा मोकळा सोडला असता, तर त्यानेंही जवळची, नुकतीच पदच्युत झालेल्या मल्हाररावांची रीतच उसनी घेतली नसती, याची हमी कोण देईल?

राजपुत्रास सहा वर्षें मिळतात, कारकुनास कोठून मिळणार, असें कोणी विचारील. त्यास दुसर्‍या महायुद्धांतील अमेरिकेचें उदाहरण पुरेसें आहे. १९४० सालीं तेथें 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नांवाची सरकारी योजना निघाली. कारखाने रातोरात वाढत होते. कालचा कारागीर आज मुकादम होत होता. त्याच्यासाठीं योजकांनीं दहा तासांचे छोटे पाठ तयार केले, दोन दोन तासांच्या पांच बैठकींचे. एका पाठांत काम कसें शिकवावें तें होतें, दुसर्‍यांत कामाची रीत कशी सुधारावी तें, आणि तिसर्‍यांत माणसांशीं कसें वागावें तें. हा तिसरा पाठ फार साधा होता. मनुष्याचें काम कसें चाललें आहे तें त्याला सांगत जावें. चांगलें केलें तर तसें म्हणावें. ज्या बदलाचा त्याच्यावर परिणाम होणार तो आधीं कळवावा. त्याच्या अंगच्या गुणांचा उपयोग करून घ्यावा. तक्रार आली तर प्रथम सर्व हकीकत गोळा करावी, मग तोलून निर्णय घ्यावा, मग कृति करावी, आणि परिणाम काय झाला तें पुन्हां जाऊन पाहावें. १९४५ पर्यंत सोळा हजारांवर कारखान्यांतील सोळा लाखांहून अधिक माणसांनीं हे पाठ पुरे केले. युद्धानंतर ते जपानांत गेले व तेथील कारखानदारींत रुजले. हकीकत गोळा करावी ही पहिली पायरी जरी मला ठाऊक असती, तरी मीं त्या परिचराची रजा किती शिल्लक आहे हें हेडक्लार्कला विचारलें असतें. दोन मिनिटांचें काम होतें.

तेव्हां तयारी म्हणजे कांहीं अद्भुत विद्या नव्हे. माझ्या मतें तिचीं तीन अंगें आहेत. पहिलें ज्ञानाचें: आपल्या हातांत काय आहे आणि काय नाहीं, हें मनुष्यास जागेवर बसण्यापूर्वीं कळलें पाहिजे. पुष्कळ कठोरपणा हा आपल्या अधिकाराच्या अज्ञानांतून येतो. सवलत देतां येते हें ठाऊक नसलेला मनुष्य 'नाहीं' म्हणण्यांत सुरक्षित असतो. दुसरें अंग सरावाचें: वरिष्ठ रजेवर असतांना कांहीं दिवस काम पाहणें, आणि ते परत आल्यावर आपले निर्णय त्यांच्यापुढें मांडून चुका समजून घेणें. सैन्यांत हें गृहीतच धरलेलें आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनींत तीन वर्षें व पुढें डेहराडूनला वर्षभर काढल्यावांचून भूदलाच्या तेथील विद्यार्थ्याच्या हातीं लहानशी तुकडीही देत नाहींत, कारण तेथें चुकीची किंमत ताबडतोब दिसते. कचेरींत ती उशिरा दिसते, इतकाच फरक. तिसरें अंग मनाचें आहे, आणि तें सर्वांत अवघड. ज्या कामांत आपण निष्णात होतों, ज्यानें आपल्याला नांव दिलें, तें हातांतून सोडावयाचें, आणि दुसर्‍यानें तें आपल्याहून थोडें वाईट केलेलें पाहत राहावयाचें. माझा विद्यार्थी येथेंच अडला. हा एक प्रकारचा वैराग्याचाच भाग आहे. वेदान्त्यांनीं अधिकार्‍याच्या लक्षणांत तें उगाच घातलें नाहीं.

याला जोडून एक गोष्ट सांगितली पाहिजे. तयारीच्या काळांत ज्याला हें काम आपलें नव्हे असें उमजेल त्याला मान खालीं न घालतां परत फिरतां आलें पाहिजे. आज तें शक्य नाहीं, कारण पगार व प्रतिष्ठा वाढण्याचा दुसरा जिनाच आपण ठेवलेला नाहीं. उत्तम शिक्षकाला मोठें व्हावयाचें तर त्यानें शिकविणें सोडावें, उत्तम कारागिरानें हत्यार खालीं ठेवावें, अशी आपली व्यवस्था. तींत आपण एक चांगला कारागीर गमावतों आणि पुष्कळदां एक वाईट अधिकारी मिळवितों.

गेल्या वर्षीं तो ग्रंथालयांतील परिचर सेवानिवृत्त झाला. समारंभ संपल्यावर मी त्याच्याजवळ गेलों आणि जें पूर्वींच बोलावयास पाहिजे होतें तें बोललों. तो म्हणाला, "जाऊं द्या सर. तुम्हांला तेव्हां माहीत नव्हतं." त्याचा शब्द मोठ्या मनाचा होता, आणि खराही होता. पण घरीं येतांना मला वाटलें कीं, मला माहीत नव्हतें हीच तर तक्रार आहे. आणि ती त्यानें करावयाची होती, माझ्या बचावासाठीं मला द्यावयाची नव्हती. मला नेमणार्‍यांनीं मी अधिकारी आहें काय असा प्रश्न विचारला नाहीं. त्यांनीं नाहीं तर निदान मीं तरी, त्या रविवारीं पेढा तोंडांत घालण्यापूर्वीं, तो स्वतःला विचारावयास हवा होता.